मिश्रासाहेबांचं कुरण

"साहेब उद्या येऊन राहिले, अन् कुरणात हा एवढा कचरा!" ओसरीवर पाय ठेवता ठेवताच गोमाजी म्हणाला. "लोक काय म्हनतीन? गोमाजीच्या जवायाचं कुरण, अन् त्यात कचरा?"

आनंदाबाई चुलीपुढं बसून तव्यावर तांदळाचे आयते टाकत होती. तिनं मान वळवली नाही. "कायचा कचरा?"

"पिवळ्या फुलाचा हाय एक. बारीक पानाचा. तरोट्याचा चुलतभाऊ दिसते. जिकडं तिकडं माजला. गवताले जागाच नाई ठेवली त्यानं."

"मंग जवाईबापूले विचारा ना, निंदाचं का म्हनून."

गोमाजीनं बायकोकडं असं पाहिलं, की जणू तिनं जावयाच्या ताटात शिळं वाढायला सांगितलं. "जवायाले विचारू? का बाप्पा, तुमचं कुरण घाण होऊन राहिलं, साफ करून देऊ का? त्याईले कसं वाटंन? काई गोष्टी न विचारताच कराव्या लागते."

बेलटोल्यात गोमाजीच्या शेतीबद्दल कोणी काहीही म्हणो, पण त्याच्या बांधीत तण दिसलं असं कोणी म्हटलं नव्हतं. धानाच्या बांधीतून तो नुसता चालत गेला तरी बाहेर पडताना त्याच्या मुठीत चार काड्या असत. दुसऱ्याच्या शेतातही त्याचा हात राहत नसे. अशा माणसाच्या देखरेखीखाली गायरानातला तो कुरणाचा कोपरा होता, आणि त्यात पिवळ्या फुलांचं तण पोळ्याच्या झुलीसारखं पसरलं होतं.

जावई म्हणजे सेवकराम. पशुसंवर्धन खात्यात नोकरीला, साकोलीत एका खोलीच्या बिऱ्हाडात राहणारा, उंच, सडपातळ आणि अतिशय भिडस्त. बेबीशी त्याचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, पण सासऱ्या-जावयाचं अजून मोकळेपणानं बोलणं होत नव्हतं. दोघंही एकमेकांचा इतका मान राखत, की त्यातून कोणाचंच भलं होत नसे. सेवकरामाला कारलं मुळीच आवडत नव्हतं. लग्नानंतर पहिल्या जेवणात ते ताटात पडलं, म्हणून त्यानं मुकाट्यानं खाल्लं. ते पाहून गोमाजीनं समजूत करून घेतली, की जावयाचा जीव कारल्यात आहे. तेव्हापासून सेवकराम येणार म्हटलं की गोमाजी स्वतः बाडीत जाऊन कारली तोडून आणी, आणि सेवकराम दुसऱ्यांदा वाढून घेई.

आनंदाबाईची तर आणखीच तऱ्हा. ती जुन्या रीतीनं जावयाशी थेट बोलतच नसे. दाराआडून नवऱ्याला म्हणे, "त्याईले विचारा, च्या घेता का." सेवकराम हे ऐकत पाच हातांवर बसलेला असे. मग गोमाजी विचारी, "च्या घेता का?" आणि सेवकराम म्हणे, "घेतो म्हणून सांगा."

अशा घरात कुरणाची माहिती नीट पोचणं कठीणच होतं. मृगात सेवकराम बियाण्याच्या थैल्या घेऊन आला, तेव्हा त्यानं पुस्तकात होतं तसंच सगळं समजावून सांगितलं होतं. "मामाजी, हे मिश्र कुरण आहे. नुसत्या गवतानं जनावराचं पोट भरतं, पण अंगी लागायला सोबत द्विदल चारा पाहिजे. म्हणून दीनानाथ गवतात हे स्टायलो मिसळलंय. याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात, तो मग गवतालाही मिळतो."

"हो ना, जवाईबापू," गोमाजी म्हणाला होता. "बरोबर हाय."

यातला 'मिश्र' हा एकच शब्द त्याला ओळखीचा वाटला होता. बहिणीकडं जवाहरनगरला गेला असताना तिथल्या फॅक्टरीत मिश्रा नावाचे एक बडे साहेब आहेत असं त्यानं ऐकलं होतं. तेव्हा हे कुरण मिश्रासाहेबांच्या मर्जीतलं असणार, हे त्यानं मनाशी पक्कं केलं आणि गावालाही सांगून टाकलं. पुढं काय ते मुळावरच्या गाठी वगैरे, ते शिकलेल्या माणसांचं बोलणं. दोन्ही बी ओल्या रेतीत कालवून एकाच घमेल्यात होतं. गोमाजीनं ते मुठीमुठीनं फोकलं आणि सगळं गवतच आहे असं समजून मोकळा झाला.

गाव मात्र या कुरणावर नाराज होतं. गायरानाचा बोडीच्या तळ्याकाठचा तो कोपरा काट्यांचं कुंपण घालून बंद केला, म्हणून नत्थू ढोरकी रोज गाई घेऊन जाताना मोठ्यानं बोलत जाई, "मिश्रासाहेबाच्या गाई चरतीन आता! आमच्या काय, आमच्या गोटे खातीन!" गोमाजी ऐकून घेई. कारण सेवकरामानं एकदा सहज म्हटलं होतं, की कुरण चांगलं झालं तर आपल्या कामाचं नाव होईल. नाव झालं म्हणजे जावई साकोलीतच पक्का होणार, हे गोमाजीनं त्याला स्वतःहून जोडलं होतं. बेबीला दिवस गेले होते. साकोली सायकलवर तासाभराची. तिथून लांब कुठं बदली झाली, तर लेकीचं तोंड दिवाळीलाच दिसायचं.

म्हणून त्या दिवशी गोमाजीनं सुंदरबाईला निरोप पाठवला. सुंदरबाई ही रोवण्याच्या बायांची म्होरकी. धानाचे रोवणे होऊन गेले होते, बायांना सवड होती. त्या दुपारभर कुरणात ओळीनं बसल्या आणि गोमाजी त्यांच्या मागून फिरत राहिला. "तो पाहा, तो राहिला. मुळासकट काढ, सुंदरे. पुन्हा उगवाले नाई पायजे."

संध्याकाळपर्यंत कुरण असं स्वच्छ झालं, की बांधावर उभं राहिल्यावर गोमाजीला स्वतःचाच अभिमान वाटला. दीनानाथाचं गवत एकटं, डौलात डुलत होतं. उपटलेल्या तणाचे भारे काय करायचे, हाही प्रश्न उरला नाही. नत्थू गाई घेऊन परतत होता, त्याला बोलावून गोमाजीनं सगळे भारे देऊन टाकले. गावाचा राग तेवढाच कमी होईल, असा त्यात हिशेब होता. नत्थूनं संशयानं भारा हुंगला आणि मग बैलबंडी आणून सगळे भारे नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेवकराम सायकलवरून आला. मागं कॅरिअरला सुतळीनं बांधलेली नवी पाटी होती. 'मिश्र कुरण. दीनानाथ गवत व स्टायलो.' अक्षर त्यानं स्वतः रंगवलं होतं आणि 'स्टायलो'च्या पुढं हौसेनं एक छोटं पिवळं फूलही काढलं होतं. आठ दिवसांपूर्वी त्यानं कुरण पाहिलं, तेव्हा ते त्याच्या स्वप्नातही आलं नसेल इतकं सुरेख होतं.

गोमाजी कुंपणाच्या दारात उभा होता. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा.

"या जवाईबापू. पाहा आता."

सेवकरामानं पाहिलं. सायकल त्याच्या हातातून सुटली नाही, पण पाय मात्र जागच्या जागी थांबले.

"मामाजी," तो म्हणाला, "यात... पिवळ्या फुलाचं एक होतं ना?"

"होतं ना!" गोमाजीचा चेहरा फुलला. त्याला वाटलं, जावयाच्या लक्षात आलं. "सारं उपटलं. एक नाई ठेवलं. मुळासकट!"

सेवकरामाचं तोंड उघडलं. काहीतरी बाहेर येणार होतं. पण समोर धुतलेलं धोतर होतं, फेटा होता आणि तो आनंदानं उजळलेला म्हातारा चेहरा होता.

"बरं केलं," तो म्हणाला. "फार कष्ट घेतले तुम्ही." आणि पाटी पोटाशी धरून तो बांधावर खाली बसला.

आनंदाबाई चहाची किटली घेऊन मागून येत होती. तिनं जावयाकडं पाहिलं, मग कुरणाकडं, मग पाटीवरच्या त्या पिवळ्या फुलाकडं. तिला वाचता येत नव्हतं, पण फूल कळत होतं. किटली खाली ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्याईच्या पाटीवर तुमचा कचरा काहून काढला हाय?"

गोमाजीनं पाटी पाहिली. पुन्हा पाहिली. मग त्याचा फेटा एकदम फार जड झाला असावा, कारण तो त्यानं काढून हातात घेतला.

"जवाईबापू... तो कचरा नोता का?"

"ते... तेच स्टायलो होतं, मामाजी. त्याच्यासाठीच तर..." सेवकराम थांबला. "पण काही हरकत नाही."

"हरकत नाई कसं?" असं म्हणून आनंदाबाई पुढं आली, आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिनं जावयाला सरळ विचारलं, "साहेब कवा येते?"

सेवकराम इतका दचकला, की उभा राहिला. "दहापर्यंत येतील, मामीजी. नागपूरहून निघालेत."

"अन् थांबते किती येळ?"

"थांबतील अर्धा तास. त्यांना पुढं जायचंय."

"मंग झालं तर. रोवून टाकू."

"काय?"

"तोच तुमचा... काय ते. जिथून काढला तिथं रोवून टाकू."

"अहो पण मामीजी, रात्रभर ते बाहेर पडलंय. मुळं सुकली असतील. ते जगणार नाही."

"वर्षभर कोनाले जगवाचं हाय?" आनंदाबाईनं पदर खोचला. "अर्ध्या तासापुरतं जगवाचं हाय. अन् तुमी असे काय उभे राहिले? जा ना नत्थूकडं!" हे शेवटचं नवऱ्याला होतं.

नत्थूच्या गुरांच्या कोठ्यापर्यंत सासरा आणि जावई पळतच गेले. गोमाजी पुढं, फेटा हातात. मागं सेवकराम, पाटी काखेत. ती खाली ठेवायचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. नत्थू कोठ्याच्या दारात उभा राहून दात घासत होता.

"नत्थू, कालचे भारे कुठी हायत?"

"पोटात," नत्थू म्हणाला.

आत चार वासरं ओळीनं उभी होती आणि उरलेल्यापैकी एका भाऱ्यात त्यांची तोंडं गळ्यापर्यंत बुडालेली होती. एकाच्या ओठातून पिवळं फूल लोंबत होतं. गोमाजीनं भारा ओढला. वासरांनी उलट्या बाजूनं ओढला.

"सोडत नाई बाप्पा," नत्थू कौतुकानं म्हणाला. "रातीपासून लागले हायत. बाकीच्या चाऱ्याकडं पाहूनही नाई राहिले."

"खरंच?" सेवकराम उंबऱ्यातच थबकला. त्या तशा प्रसंगातही त्याचे डोळे चमकले. "म्हणजे आवडीनं खाल्लं? आधी हुंगून मागं सरकले नाहीत? गवत समोर असताना हे निवडलं?"

"जवाईबापू," गोमाजी भाऱ्याला लोंबकळत म्हणाला, "ते मंग विचारा. आधी इकडून धरा."

निम्मं हाती लागलं. नत्थू आधी कुरकुरला, पण काय झालंय ते कळल्यावर त्यानं कडुलिंबाची काडी फेकली आणि बैलबंडी जुंपली. "मिश्रासाहेब लय तापट असन," तो म्हणाला, "मले मालूम हाय मोठ्या लोकाईचं."

कुरणात सुंदरबाई आणि तिच्या बाया हजर होत्या. आनंदाबाईनं घरोघर जाऊन त्यांना उठवून आणलं होतं. बोडीतून पितळी गुंडांनी घागरीघागरीनं पाणी येऊ लागलं, गवताच्या मधली माती चिखल झाली, आणि बाया कंबरेत वाकल्या. बोटानं माती दाबायची, रोप खुपसायचं, पुढं सरकायचं. जन्मभर हेच केलेले हात. बघता बघता कुरण पुन्हा हिरवं-पिवळं दिसू लागलं. सेवकरामाच्या जिवात जीव आला. पण नीट पाहिलं तेव्हा तो पुन्हा गेला.

रोपं सरळ रेषेत उभी होती. एका टोकाला उभं राहून डोळा मिटला तर दुसऱ्या टोकापर्यंत सगळी रोपं एका रोपामागं लपावीत, इतकी सरळ.

"बायांनो," सेवकराम काकुळतीनं म्हणाला, "ओळीत नको. हे फोकून पेरलेलं होतं. आपोआप उगवल्यासारखं दिसलं पाहिजे. थोडं वाकडंतिकडं लावा."

सुंदरबाईनं पाठ सरळ केली. तिच्या चेहऱ्यावर खरंच दुखावल्याचा भाव होता. "वाकडं? आमच्या हातानं वाकडा रोवणा? भाऊ, साऱ्या बेलटोल्याच्या बांध्या आमी रोवतो. उद्या कोनी पाहिलं तर म्हनन, सुंदरबाईची नजर गेली."

"पण ताई, हा रोवणा नाहीये..."

"मंग वाकून हे काय करून राहिलो आमी?"

 एकीनं सेवकरामाच्या समाधानासाठी एक रोप मुद्दाम ओळीबाहेर लावलं. मागून येणारीनं ते उपटून पुन्हा ओळीत घेतलं.

दहा वाजले. साहेब आले नाहीत. भादव्याचं ऊन चढलं. आदल्या आठवड्यापासून पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, आणि आभाळ धुतल्या परातीसारखं लख्ख होतं. पहिल्यांदा कडेची ओळ माना टाकू लागली, मग दुसरी. गोमाजी बोडीतून गुंड भरभरून आणत होता, आणि प्रत्येक रोपाच्या बुडाशी ओंजळीनं पाणी घालताना पुटपुटत होता, "उठ रे बावा. माणसात राह. अर्धा घंटा उभा राह, मंग झोप." काल ज्याला मुळासकट उपटायला लावलं, त्याच्यापुढं आज तो गुडघ्यांवर होता. सेवकराम दुसऱ्या बाजूनं पाणी घालत येत होता. मधल्या ओळीत दोघांची गाठ पडली.

"जवाईबापू," गोमाजी खालीच पाहत म्हणाला, "माझ्यानं बेबी दूर जाईन का?"

सेवकरामाच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं. या माणसानं धोतर धुतलं, फेटा बांधला, बाया लावल्या, ते कशासाठी, हे त्याला त्या क्षणी कळलं. "नाही मामाजी," तो म्हणाला. मग त्यानं सासऱ्याच्या हातातला रिकामा गुंड घेतला आणि बोडीकडं निघाला.

तेवढ्यात रस्त्यावरून नत्थूची आरोळी आली, "आले! मिश्रासाहेब आले!"

जीपमधून उतरलेले खात्याचे साहेब जाडजूड, धुळीनं माखलेले आणि भुकेलेले दिसत होते. बरोबर दोघे-तिघे होते. गाव कुंपणाबाहेर उभं राहिलं. नत्थूनं पुढं होऊन नमस्कार केला, "मिश्रासाहेब, राम राम."

"कोण मिश्रा?" साहेबांनी सेवकरामाला विचारलं. सेवकरामानं पाटी दाखवली. साहेबांनी ती वाचली आणि काही न कळल्यासारखे पुढं चालू लागले.

पहिल्या ओळीशी ते थांबले. मान तिरकी केली. एक डोळा मिटला.

"सेवकराम, हे तुम्ही फोकून पेरलं होतं ना?"

"हो साहेब."

"मग हे असं... शाळेतली मुलं प्रार्थनेला उभी राहावीत तसं कसं उगवलं?"

कुंपणाबाहेरून सुंदरबाईचा आवाज आला, "पाहा, म्हनलं नोतं? साहेबाच्या नजरेत भरलं."

"आणि हे सगळं झोपलंय का?" साहेबांनी बरोबरच्या मंडळींकडं वळून म्हटलं, "असो. तुम्हाला मुळावरच्या गाठी दाखवतो. त्याच तर या पिकाची गंमत आहे. सेवकराम, एक रोप काढा. जपून, मूळ तुटेल. खोल जातं ते."

सेवकरामाचा हात पुढं झाला आणि हवेतच थांबला. साहेबांनी दोन क्षण वाट पाहिली, मग स्वतःच खाली वाकले, बूट रोवले, दोन्ही हातांनी रोप धरलं आणि जोर लावला. ते इतकं अलगद आलं, की साहेब मागच्या मागं चिखलात बसले.

 साहेबांनी बसल्या बसल्याच हातातल्या रोपाकडं पाहिलं. मग शेजारचं एक उचललं, मग त्याच्या शेजारचं. त्यांच्या हातात पिवळ्या फुलांची छोटी जुडी झाली.

"हे काय आहे?" त्यांनी शांतपणे विचारलं.

गोमाजी पुढं झाला. सरकारी माणसासमोर तो आयुष्यात 'हो जी'च्या पुढं गेला नव्हता. "साहेब, हे म्या उपटलं. काल. कचरा समजून. जवाईबापूची काई गलती नाई."

"नाही साहेब," सेवकराम मध्येच बोलला, "चूक माझी आहे. मी यांना सांगितलं नव्हतं."

"सांगतलं होतं साहेब! खूब सांगतलं. मलेच समजलं नाई."

"यांना समजेल असं मी सांगितलं नाही."

"समजन असंच सांगतलं होतं!" गोमाजीचा आवाज चढला. "जवाईबापू, तुमी मधात नका बोलू. म्या 'हो' म्हनलं म्हनून तुमाले वाटलं मले समजलं!"

"मग मी पुन्हा विचारायला पाहिजे होतं!"

दीड वर्षात दोघं एकमेकांशी जेवढं बोलले नसतील तेवढं त्या चिखलात उभं राहून भांडत होते. आनंदाबाई कुंपणातून आत आली. "साहेब, बाया मी लावल्या होत्या. अन् रोवाचं बी माझ्याच डोक्यातून निघालं."

"पन रोवला आमी," सुंदरबाई म्हणाली. "तो वाकडा नाई, तेवढं ध्यानात ठेवा."

नत्थूनं घसा साफ केला. "जे खाल्लं ते वासराईनं खाल्लं साहेब. माझा काई संबंध नाई."

साहेब चिखलात बसूनच हे सगळं ऐकत होते. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग ते असे हसले, की जीपचा ड्रायव्हर धावत आला. आनंदाबाईनं पाणी दिलं, ते प्यायले आणि रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "किती गावांत गेलो मी अशी कुरणं घेऊन. कुठं लोकांनी कुंपणाचे काटे चुलीत घातले, कुठं रातोरात गुरं सोडली. विचारलं की सगळे एकच सांगतात, आम्हाला काही माहीत नाही. चूक माझी, चूक माझी म्हणून भांडणारं गाव मी पहिल्यांदा पाहतोय." मग ते सेवकरामाकडं वळले. "वासरांनी खरंच खाल्लं?"

"सोडत नव्हती साहेब. मी स्वतः पाहिलं."

"आता पुढं?"

सेवकराम पुढं झाला. आता भीड कशाची ठेवायची? "यातलं थोडंच जगेल. पण पेरलेलं सगळं बी पहिल्या वर्षी उगवत नाही साहेब. कवच टणक असतं. पुष्कळसं अजून जमिनीत आहे. पुढच्या पावसात येईल. मामाजी, येईल ना? तुम्ही नाही उपटलं, तर येईल."

"माय कसम, नाई उपटत," गोमाजी म्हणाला.

"ठीक आहे." साहेब उठले, पँटला लागलेला चिखल पाहून त्यांनी तो झटकायचा विचार सोडून दिला. "मग तुम्हालाही पुढच्या पावसापर्यंत इथंच राहावं लागेल. खरं म्हणजे मी आज वेगळंच ठरवून आलो होतो. हे कुरण साधलं असतं, तर तुम्हाला लगेच सिरोंच्याकडं पाठवणार होतो, तिकडं अशीच कुरणं लावायला. चांगला माणूस पाहिजे होता. पण आता कसं पाठवणार?"

सिरोंचा म्हणजे दोन दिवसांचा प्रवास. गोमाजीला हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं, तेव्हा त्यानं हळूच फेटा झटकला आणि पुन्हा डोक्यावर बांधला. चेहरा दुःखी ठेवण्यासाठी त्याला फार प्रयत्न करावे लागत होते, हे आनंदाबाईला दिसत होतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि पहिल्यांदा सगळ्यांच्या देखत जावयाला म्हणाली, "जवाईबापू, साहेबाले जेवाले घेऊन या. आयते केले हायत."

माघात बेबीला मुलगी झाली. पुढचा मृग वेळेवर आला, आणि सेवकराम म्हणाला होता तसंच झालं. जमिनीत दडलेलं बी उगवलं, आणि गवताच्या बुडाशी पिवळी फुलं अशी पसरली, की नत्थूसुद्धा जाताना काही बोलेनासा झाला. उलट तोच कुंपणाला काटे लावू लागला. साहेब पुन्हा यायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गोमाजी एकटाच कुरणात गेला. बराच वेळ झाला तरी परतला नाही, म्हणून आनंदाबाई पाहायला गेली.

तो मधोमध उकिडवा बसला होता. एक रोप त्याच्या मुठीत होतं, जमिनीतच, पण मुठीत.

"एकदा निंदलं तर?" तिच्याकडं न पाहता तो म्हणाला. "कोनाले काय समजन? म्हनू, बुढा हाय, पुन्हा चुकला."

आनंदाबाई शेजारी बसली. गोमाजीनं मूठ सोडली, आणि वाकलेलं रोप बोटानं सरळ करून त्याच्या बुडाशी माती दाबली.

साहेबांनी कुरण पाहिलं, गाठी दाखवल्या, आणि या खेपेला त्यांना रोप उपटताना चांगलाच घाम फुटला. सेवकरामाची सिरोंच्याला बदली झाली.

निघायच्या दिवशी सामान बंडीत चढलं. बेबी आईच्या गळ्यात पडून रडली आणि तिची पोरगी आजोबाचा फेटा ओढत राहिली. सगळ्यात शेवटी गोमाजीनं जावयाला बाजूला घेतलं आणि धोतराच्या सोग्यातून एक पुरचुंडी काढली. आत स्टायलोचं बी होतं, एकेक दाणा निवडलेलं.

"तिकडं पेरा. हे आपल्या मातीतलं हाय, लवकर लागन."

सेवकरामानं पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली. खात्याकडून त्याला बी मिळणारच होतं, पण ते त्यानं सांगितलं नाही.

"अन् जवाईबापू," गोमाजी जरा थांबून म्हणाला, "निंदाच्या टायमाले मले बोलवा."

सेवकरामानं त्याच्याकडं पाहिलं. सासऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू येऊ पाहत होतं. दीडाची अडीच वर्षं झाली होती, पण सासऱ्याची थट्टा करायची हिंमत त्यानं आज पहिल्यांदा केली.

"नक्की बोलावतो, मामाजी," तो म्हणाला. "दोन महिने राहायच्या तयारीनं या. फक्त हात घरी ठेवून या."